भदंतांच्या पुतळ्याचा डावा पाय

भोजराज नंदेश्वरने पहिल्याच भेटीत कोणावर विश्वास ठेवल्याचं मी कधी पाहिलं नाही. दुधवाल्याने दूध म्हणून दिलेल्या दुधात तो बोट बुडवून पाही. गॅसचं सिलिंडर आलं की ते खांद्याने हलवून पाही. विजेचा मीटर बघायला नवा माणूस आला, तर त्याच्याआधी येत असलेल्या माणसाचं नाव त्याला विचारी आणि ते बरोबर सांगितलं की म्हणे, "नाव तं कोणीबी पाठ करून येते."

अर्जुनी मोरगावपासून सायकलने जाता येईल इतक्या अंतरावर, तलावाच्या पाळीखाली, आमचं धम्म प्रशिक्षण विद्यालय आहे. गावोगावचे तरुण तिथे श्रामणेर म्हणून राहतात, पाली शिकतात, प्रवचनाची तयारी करतात. भोजराज तिथला चौकीदार. फाटकाजवळच्या खोलीत तो आणि त्याची बायको कलाबाई राहत. कलाबाई भोजनगृह सांभाळी. मी दर रविवारी संस्थेचं लिखापढीचं काम बघायला जातो. पहिल्या रविवारी त्याने मला फाटकात अडवलं होतं.

"काऊन आले जी?"

"हिशेब लिहायला."

"मंग थैली कायले पायजे? हिशेब डोक्यात असते."

थैलीत जेवणाचा डबा आणि चष्म्याचं घर होतं. ते त्याने पाहिलं. संध्याकाळी परत जाताना पुन्हा पाहिलं. पुढे आमची ओळख वाढली, तो मला घरचा भाजीपाला देऊ लागला, पण थैली पाहणं सुटलं नाही. मीही मग फाटकाशी आलो की आपणच ती उघडून धरू लागलो.

हा स्वभाव त्याला जन्माने मिळालेला नव्हता. तारुण्यात तो गोंदियाच्या एका राईस मिलमध्ये फाटकावर होता. रात्रंदिवस धानाच्या गाड्या आत जायच्या, तांदळाच्या बाहेर यायच्या. एका हंगामात काही पोती कमी भरली. मुनीमजी त्याला म्हणाले, "गेट पे तो तू ही था ना?" पोलिसात तक्रार नाही, चौकशी नाही. उद्यापासून येऊ नको, एवढंच सांगितलं. ही हकीकत सांगताना भोजराज नेहमी एकच वाक्य जोडायचा, "मी गेटवर होतो म्हणून मी चोर. गेटवर कुत्रा बांधला असता, तं कुत्रा चोर झाला असता." तेव्हापासून त्याने ठरवून टाकलं की संशय आपल्या दारात येण्याआधीच त्याला दुसऱ्याचं दार दाखवायचं.

मिल सुटली त्याच सुमारास त्याचा मोठा भाऊ दुधराम वारला. दुधराम गावातच राहिला होता, थोडं धान पिकवायचा आणि उरलेले दिवस मजुरी करायचा. भोजराज गोंदियाहून आला तोवर माती देऊन झाली होती. त्यातच गोठ्यातली बैलजोडी दिसली नाही. वहिनीने, शामकलाने, सांगितलं की दवाखान्यासाठी विकावी लागली. भोजराजने ते मानलं नाही. बैल बापाच्या वेळचे, म्हणजे अर्धे आपले, आणि आपल्याला न विचारता गेले. त्याने वहिनीशी बोलणं टाकलं. भावाच्या घरात राहायचं नाही म्हणून तर त्याने विद्यालयातली ही नोकरी धरली.

शामकला विद्यालयाच्या भोजनगृहात भाजी आणून देई. हिवाळ्यात धान निघालं की बांध्यांत लाखोरी उगवते. तिची कोवळी पानं खुडून ती टोपलीभर आणायची. फाटकावर दीर-भावजयीची गाठ पडायची. भोजराज एक शब्द न बोलता टोपलीत हात घालून भाजी खालीवर करायचा. ती तेवढा वेळ दुसरीकडे पाहत उभी राहायची. मग तो हात काढून घ्यायचा आणि ती आत जायची. इतक्या वर्षांत एवढाच त्यांचा संबंध उरला होता.

आता पुतळ्याविषयी सांगायला हवं. विहार आणि वर्गखोल्या यांच्या मधल्या मोकळ्या जागेत, कमरेइतक्या उंच काळ्या दगडी चौथऱ्यावर, भदंत विमलबोधी यांचा उभा ब्राँझचा पुतळा आहे. भदंत या भागात फिरले तेव्हा आमची पिढी शाळेत होती. धर्मांतर झालं होतं, पण कितीतरी घरांच्या देवळीत जुने देव तसेच होते, लग्नात बोकड तसाच कापला जात होता, मोहाची दारू तशीच वाहत होती. भदंत उन्हापावसात अनवाणी पायांनी गावोगाव हिंडले, घरोघर बसले, भांडले, समजावलं. त्यांची एक गोष्ट सगळ्यांना माहीत होती. ते कोणाला पाया पडू देत नसत. कोणी वाकलं की ते पाय मागे घेत आणि म्हणत, "उभा राहून बोल." पुतळ्यात ते तसेच आहेत, एका हातात छत्री, दुसऱ्या हाताने चिवराचा काठ धरलेला, डावा पाय पुढे टाकलेला. पुतळा बसल्यावर एकदा कोणीतरी पायाशी कुंकू आणि नारळ ठेवून गेलं होतं. तेव्हा संस्थेने नियम केला की पुतळ्याच्या पायाला कोणी हात लावायचा नाही.

जानेवारीतल्या एका रविवारी संस्थेचे सचिव जागेश्वर शहारे पुतळ्यासमोर थांबले. शहारे गुरुजी निवृत्त मुख्याध्यापक. नजर बारीक, आणि शिस्त त्याहून बारीक. भदंतांचा स्मृतिदिन महिन्यावर आला होता, म्हणून ते परिसर पाहत फिरत होते. मी मागे होतो. त्यांनी चष्मा वर केला, खाली केला आणि भोजराजला हाक मारली.

"भोजराज, हे काय आहे?"

"पाय हाय जी."

"पाय मलाही दिसतो. पिवळा काऊन झाला?"

सगळा पुतळा काळसर तपकिरी होता. डाव्या पायाची बोटं आणि पाऊल मात्र नव्या भांड्यासारखं पिवळं चमकत होतं. जवळून पाहिलं तर त्यावर बारीक रेघाही होत्या.

"उन्हानं झाला असंल," भोजराज म्हणाला.

"ऊन एकाच पायावर पडते काय?"

गुरुजींनी रेघांवरून बोट फिरवलं, मग नियम आठवून मागे घेतलं.

"कोणीतरी कानस मारून राहिला आहे," ते म्हणाले. "थोडं थोडं घासायचं, बुकणी गोळा करायची, विकायची. मागच्याच महिन्यात एका विहारासमोरची पितळी घंटा गेली. असंच सुरू झालं असेल. बाहेरचा चोर असता तर फाटकातून आला असता. फाटकावर कोण असते?"

मी भोजराजकडे पाहिलं. त्याच्या चेहऱ्याचा रंग उतरला होता. मुनीमजींचं तेच वाक्य पुन्हा ऐकायला मिळेल असं त्याला वाटलं नसावं.

"स्मृतिदिनाच्या आत चोर दाखव," गुरुजी म्हणाले. "नाही तर खोली रिकामी करावी लागेल. मला वाईट वाटेल, पण हा पुतळा लोकांच्या वर्गणीचा आहे."

त्या दिवसापासून भोजराज घरादारावर संशय घेत सुटला. साठीला टेकलेल्या माणसाला खोली गेल्यावर कुठे जायचं, ही भीती त्याच्या मागे होती, आणि पुन्हा चोर ठरण्याची भीती तिच्याही मागे होती.

सर्वांत आधी भंगारवाला चैतराम सापडला. तो आठवड्यातून एकदा हातगाडी घेऊन "लोहा, पितल, रद्दी" ओरडत जायचा. भोजराजने गाडी अडवून त्यातल्या नळाच्या तोट्या, फुटका तांब्या, दाराच्या कड्या एकेक काढून उन्हात धरल्या.

"ये पितल किसका है?"

"नल का है, भोजराजभाऊ."

"और पैर का कहां है?"

चैतराम आधी समजला नाही. समजल्यावर गाडीचा दांडा धरून हसत बसला. "अरे भाऊ, भंतेजी का पैर बेचने जाऊंगा तो लेगा कौन? तराजू पे रखते ही पूछेगा, बाकी का कहां है?"

श्रामणेरांवरही पाळी आली. जेवणाच्या पंगतीत वाढण्याच्या निमित्ताने भोजराज प्रत्येकाची नखं पाहत फिरला. कोणाच्या नखात पिवळं दिसतं का, हा शोध होता. वरणाच्या दिवशी सगळ्यांच्याच नखांत पिवळं दिसलं आणि तो शोध तिथेच संपला.

मीही सुटलो नाही. माझ्या थैलीत रेघा ओढायची पोलादी पट्टी होती. तिच्या कडेवर त्याने अंगठा फिरवला.

"धार हाय हिले."

"अरे, पट्टीला कसली धार?"

"घासाले पुरते जी. स्मृतिदिन होऊ द्या, मंग वापस देतो."

पट्टी त्याने ठेवून घेतली. मी त्या दिवशी पुठ्ठ्याच्या तुकड्याने रेघा ओढल्या. राग आला नाही असं नाही. पण आपल्याला चोर समजणारा माणूस स्वतः चोर ठरण्याच्या भीतीने आपल्याकडे पाहतो आहे, हे दिसत होतं.

शेवटी त्याने मिलमधली युक्ती काढली. राईस मिलच्या आवारात सगळीकडे धानाचा भुसा पसरलेला असतो आणि त्यावर कोणाचंही पाऊल उमटतं. मिलचे जुने चौकीदार पोती मोजत नाहीत, भुसा वाचतात. भोजराजने गावातल्या धान सडायच्या हलरवरून पोतंभर भुसा आणला आणि दुपारच्या जेवणानंतर चौथऱ्याभोवती पातळ पसरला. श्रामणेरांना सांगितलं, मुंग्या लागल्या आहेत.

दुसऱ्या दिवशी भुशावर पावलं होती. अनवाणी, लहान, बाईची.

विद्यालयात राहणारी बाई एकच होती. भोजराजने भोजनगृहाच्या मागच्या अंगणात भुशाची मूठ पसरली आणि कलाबाईला बोलावलं.

"यावर पाय ठेव."

"कायले?"

"ठेव म्हनलं ना."

कलाबाईने हातातला पळी-झारा बाजूला ठेवला, लुगडं घोट्यापर्यंत उचललं आणि पाय ठेवला. "इतके साल झाले लग्नाले, बाई! नवऱ्यानं पाय आता पाहाले घेतले. आजून काही पाहाचं हाय का?"

श्रामणेर खिडकीतून हसले. कलाबाईचं पाऊल पसरट आणि मोठं निघालं. जमलं नाही. पण भोजराजच्या लक्षात दुसरंच आलं होतं. पाय कशाला ठेवायचा एवढं तिने विचारलं, पण भुसा कशाचा, पावलं कोणाची, हे नाही. तिला नवल वाटलं नव्हतं. त्याने आत जाऊन डबे पाहिले. चिंचेचा गोळा निम्म्यावर आला होता, आणि त्या आठवड्यात एकदाही वरणात चिंच नव्हती.

"चिच कुठी गेली?"

"पोटात."

"कोणाच्या?"

"तुमच्या डोक्यात बी भुसा, बाहेर बी भुसा टाकून ठेवला," कलाबाई म्हणाली आणि भाकरी थापायला बसली. त्यानंतर दोन दिवस वरणात मीठ जरा जास्त पडत होतं. भोजराजने त्यातूनही अर्थ काढला की बायको चोराला सामील आहे.

मग तो दुपारी लपून बसू लागला. जेवणं झाली की श्रामणेर अभ्यासिकेत जातात, त्यांना शिकवणारे भंतेजी थोडे विसावतात, आवार रिकामं होतं. भोजराज भोजनगृहाच्या सरपणामागे उकिडवा बसायचा. पहिल्या दिवशी एक बकरी आली. दुसऱ्या दिवशी कोणीच आलं नाही. तिसऱ्या दिवशी रिकामी टोपली काखेत धरून शामकला भोजनगृहातून बाहेर आली. ती फाटकाकडे गेली नाही. हौदावरून लोटा भरून घेतला, चौथऱ्यापाशी आली, कमरेची गाठ सोडली, त्यातला चिंचेचा लगदा काढला आणि पुतळ्याच्या डाव्या पायाला लावून, चिमूटभर राख घेऊन, घरचा पाण्याचा पितळी गुंड घासावा तसा घासायला लागली.

पुढचं बोलणं मला कलाबाईने सांगितलं. ती दारातून सगळं ऐकत होती.

"का करून राहिली वो?" भोजराज सरपणामागून उठत म्हणाला. कित्येक वर्षांनी तो वहिनीशी बोलत होता.

ती दचकली नाही. "दिसत नाही का? पाय घासून राहिली."

"कोणाले इचारून?"

"ज्याचे हायेत त्याले."

"भदंताईले?"

"तोंड भदंताईचं हाय. चिवर त्याईचं हाय. छत्री बी त्याईचीच," शामकला म्हणाली. "पाय तुज्या भावाचे हायेत."

यावर भोजराजने पहिला प्रश्न विचारला तो असा, "कशावरून?"

तिने पायावर पाणी ओतलं, पदराने पुसला आणि सांगितलं. ज्यावरून पुढे ब्राँझ ओतलं, तो मातीचा पुतळा मूर्तिकार इथेच, टिनाच्या शेडमध्ये बनवत होता. भदंतांचा उभा फोटो एकच मिळाला होता आणि त्यात पुढे बसलेल्या लोकांमुळे गुडघ्याखालचं काही दिसत नव्हतं. मूर्तिकार दोन दिवस नुसता लोकांचे पाय पाहत हिंडला. शिकलेल्यांचे पाय त्याला नको होते. जन्मभर चिखलातून अनवाणी चाललेले पाय हवे होते. दुधराम तेव्हा चौथऱ्याचे दगड वाहत होता. त्याला फळीवर उभं केलं, डावा पाय पुढे टाकायला लावला आणि त्याचे पाय पाहून पुतळ्याचे पाय मातीत घडवले. घरी येऊन दुधराम हसत म्हणाला होता, आज नुसतं उभं राहायची मजुरी मिळाली. मग तिला म्हणाला, कोणाले सांगू नोको, लोक म्हणतीन दुधराम सोताले भदंत समजून राहिला.

"पुढच्या पावसात गेला," शामकला म्हणाली. "दवाखान्यातून चादरीत गुंडाळून आणला. तोंड दाखवलं. पाय कोणी उघडले नाही. घरात एकच फोटो हाय, रेशनकार्डावरचा. त्यात तो चोरावाणी दिसते. मंग मले हेच राहिले. काळे पडत चालले होते, म्हणून घासते. स्मृतिदिनाले इतके लोक येतेत."

"आंधी काऊन नाही सांगितलं?"

"तू बोलत होतास का?"

ती टोपली उचलून निघून गेली. भोजराज तिथेच उभा राहिला. आजूबाजूला कोणी नाही असं पाहून त्याने चप्पल काढली आणि आपला डावा पाय पुढे टाकला. अंगठ्याशेजारचं बोट अंगठ्याहून लांब, करंगळी बाहेर वळलेली. वर पुतळ्याचाही तसाच. पण त्याच्या डोक्याने लगेच दुसरी बाजू मांडली. असे पाय गावात आणखी पाच-दहा जणांचे निघतील. मूर्तिकार कुठे आहे ते कोणाला माहीत नव्हतं. चौथऱ्याचा ठेकेदार वारला होता. आताचे भंतेजी नंतर आले. दुधरामने दुसऱ्या कोणाला सांगितलं नव्हतं. म्हणजे सगळी गोष्ट एका बाईच्या शब्दावर उभी होती, आणि ती बाई म्हणजे जिच्यावर त्याने सगळ्यांत जास्त वर्षं संशय घेतला ती.

संध्याकाळी त्याने कलाबाईला विचारलं, "तुले मालूम होतं?"

"होतं."

"मले काऊन नाही सांगितलं?"

"तुमी पुरावा मांगला असता. कुठून आणला असता मी पुरावा? चिच तेवढी देली."

तो जेवला नाही. रात्री खोलीबाहेर बसून राहिला आणि सकाळी फाटक उघडायला उशीर केला, असं कलाबाई सांगत होती. त्याच्या नोकरीत असं कधी झालं नव्हतं.

स्मृतिदिनाआधीच्या रविवारी बैठक बसली. भंतेजी होते, शहारे गुरुजी होते, एका बाजूला मी होतो. भोजराज दारात उभा राहिला. त्याला बस म्हटलं तरी बसला नाही.

"चोर भेटला काय?" गुरुजींनी विचारलं.

"भेटला नाही जी. कारण चोरी नाही."

त्याने सगळं सांगितलं. चिंच, राख, फळी, दुधरामचे पाय. गुरुजींनी मधे थांबवलं नाही. शेवटी म्हणाले, "पुरावा काय?"

"नाही."

"मग तू कशावरून मानलं?"

"वयनी म्हणते म्हणून."

मी मान वर करून पाहिलं. दुधवाला दूध म्हणतो म्हणून दूध न मानणारा माणूस हे बोलत होता.

गुरुजींनी पेनाला टोपण लावलं. मग त्यांच्या आवाजात वेगळाच थंडपणा आला. "म्हणजे घासणारी तुझी भावजय. चिंच तुझ्या घरातली. फाटकावर तू. आणि गोष्ट अशी की जिला कोणी साक्षीदार नाही. भोजराज, मी शाळेत चाळीस पोरांच्या सबबी ऐकल्या आहेत. इतकी बेमालूम कोणी सांगितली नव्हती."

"सबब नाही जी."

"आणि खरी असली तरी बाहेर बोलायची नाही. आज लोक म्हणतील पाय भदंतांचे नाहीत, उद्या म्हणतील डोकं तरी त्यांचं आहे काय."

मी म्हटलं, राख आणि चिंच लावली तर ब्राँझ असंच पिवळं होईल, रेघा राखेच्या असतील, एखाद्या जाणकाराला दाखवावं. गुरुजींनी माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की मीही त्यात सामील आहे की काय. मी आणखी बोलायला हवं होतं की नाही, ते सांगता येत नाही. त्या वेळी बोललो नाही.

भंतेजी शांतपणे म्हणाले, "मी कोणाला चोर म्हणत नाही. पण पायाला हात लावू नये, ही भदंतांचीच शिकवण. ते थांबायला हवं."

गुरुजींनी निर्णय दिला. शामकलाबाईला यापुढे फाटकाच्या आत घ्यायचं नाही. भाजी दुसऱ्याकडून घेऊ. तिला अडवायचं काम भोजराजचं. एवढं केलं तर मागचं सगळं विसरू, खोली राहील, नोकरी राहील.

त्याला हवं होतं ते सगळं त्या वाक्यात होतं. मला वाटलं, तो "हो जी" म्हणेल. इतकी वर्षं टोपली तपासली, आता थेट टोपलीवालीलाच अडवायची, त्याच्यासाठी त्यात नवं ते काय होतं?

भोजराजने कमरेचा चाब्यांचा जुडगा काढला. पुढे येऊन टेबलावर ठेवला.

"मले गेटवर उभं करून एकानं चोर बनवलं," तो म्हणाला. "आता मी गेटवर उभं राहून तिले चोर बनवाचं? मले नाही जमत जी. दुसरा पाहा."

जाता जाता तो थांबला, खिशातून माझी पोलादी पट्टी काढली आणि माझ्यासमोर ठेवली.

दोन दिवसांत त्यांनी खोली रिकामी केली. कुठे जायचं हा प्रश्न कलाबाईने सोडवला. तिने भांडी बैलगाडीत चढवली आणि गाडीवानाला शामकलाच्या घराचा रस्ता सांगितला. भोजराज पायी मागे चालत गेला. शामकलाने दारात दोघांना पाणी दिलं आणि पुढची खोली झाडून ठेवली होती ती दाखवली. भोजराजने आत जाऊन आधी कडी लावून पाहिली, मग दारामागचा आडणा लावून पाहिला, मग म्हणाला, "वयनी, या दाराले धक्का देला तं उघडते."

"इतके साल कोणी देलाच नाही," ती म्हणाली.

गुरुजींनी स्मृतिदिनासाठी पुतळ्याच्या पायाला तपकिरी ऑइलपेंट लावून घेतला. दुकानातला रंग पुतळ्याच्या रंगाशी जुळला नाही. भदंतांनी एकाच पायात मोजा घातला आहे असं दिसायला लागलं. भाषणं चालू असताना लोक एकमेकांना कोपराने ढोसून पायाकडे दाखवत होते. पिवळा पाय ज्यांनी कधी पाहिला नसता, त्यांनीही तो पाय पाहिला.

एजन्सीकडून गणवेशातला नवा चौकीदार आला. त्याला शामकलाचं वर्णन देऊन ठेवलं होतं. त्याने तिला एकदा फाटकावरून परत पाठवलंही होतं. एका रविवारी सकाळी मी आवारात असताना भोजराज तिला घेऊन फाटकातून आत आला. चौकीदार मोबाइलमध्ये गुंतला होता, त्याने मान वर केली नाही. भोजराज चार पावलं पुढे जाऊन परत आला.

"आमचं नाव काऊन नाही इचारलं?"

"काय पाहिजे?" पोराने विचारलं.

"मले काही नाही पायजे. तू इचाराले पायजे. थैली पाहाले पायजे. ही बाई कोण हाय, इचार."

त्याने थैली उघडून त्याच्या नाकासमोर धरली, त्याला दोनदा आत पाहायला लावलं आणि मग पुतळ्याकडे गेला. शामकलाने हौदावरून लोटा भरला. भोजराजने चिंधीवर रॉकेल घेतलं आणि पायावरचा ऑइलपेंट काढायला सुरुवात केली.

शहारे गुरुजी कार्यालयातून धावत आले. मी त्यांच्या मागे आलो. भंतेजी वर्गाच्या ओसरीत येऊन थांबले.

"पायाला हात लावायचा नाही, हा नियम आहे," गुरुजी म्हणाले.

"भावाच्या पायाले लावून राहिलो."

"हात दाखव."

भोजराजने दोन्ही तळहात पुढे केले. रॉकेल आणि तपकिरी रंगाशिवाय त्यावर काही नव्हतं.

"थैली."

त्याने थैली चौथऱ्यावर उपडी केली. चिंच, राखेची पुडी, दोन चिंध्या. गुरुजींनी राखेची पुडी उघडून बोटावर घेतली, अंगठ्याने चोळून पाहिली, उन्हात धरली. मग त्यांनी शामकलाच्या लोट्यातही डोकावून पाहिलं. ओसरीवरून भंतेजी काही बोलतील म्हणून ते एकदा तिकडे वळले. भंतेजी त्या पायाकडेच पाहत होते. गुरुजी चौथऱ्यापासून हातभर अंतरावर, डोळे त्या हातावर ठेवून उभे राहिले. कानस कुठून निघते ते त्यांना पाहायचं होतं.

रंग निघाला. मग चिंच लागली, मग राख. शामकला धार धरत होती, भोजराज घासत होता. लांब बोट, वळलेली करंगळी, टाचेच्या भेगा पुन्हा पिवळ्या होऊन वर आल्या. भोजराजने चिंधी पिळली, कपाळ मनगटाने पुसलं आणि गुरुजींकडे पाहिलं.

"उभे कायले राहता जी, बसा," तो म्हणाला. "आजून उजवा पाय राहिला हाय."